राग कुठला? आणि इतर निरुपयोगी प्रश्न

गाणं संपल्यावर टाळ्यांच्या आधी "राग कुठला हो?" असं विचारणाऱ्या माणसांचा मला राग येतो. (कोटी आपोआप झाली, माझा इलाज नाही.) आमच्या शिरूरला गणपतीच्या मांडवात, पुण्यातल्या एसी सभागृहात, कंपनीच्या अ‍ॅन्युअल डेला, सगळीकडे हा प्राणी आढळतो. उत्तर मिळालं की कुरिअरवाल्यानं सही घेतल्यावर येतं तसं समाधान त्याच्या चेहऱ्यावर पसरतं. यमन. बास, पोचलं. आता पुढचं गाणं लावा.

मला वाटायचं हा रोग अस्सल देशी आहे. तर तसं काही नाही. गेल्या महिन्यात एका शनिवारी पुण्यात "विसाव्या शतकातली गीतं : आवाज आणि पियानो" अशा नावाच्या कार्यशाळेला गेलो होतो. (घेणारे कोण ते सांगत नाही, माणसं सज्जन आहेत आणि चहा चांगला होता.) समोर बसलेले बहुतेक आमच्याच धंद्यातले, हिंजवडी आणि खराडीवाले. विषय बारा-स्वर पद्धतीतली गाणी. तीन तास स्लाइड्स चालल्या. बारा बाय बाराचं एक रंगीत कोष्टक पडद्यावर आलं ते हललंच नाही. आणि ज्या गाण्याबद्दल हे सगळं चाललं होतं, ते दोन मिनिटांच्या आतलं गाणं, एकदाच वाजलं. शेवटी, लॅपटॉपच्या स्पीकरवर, लोक खुर्च्या सरकवत असताना. मी हात वर करून विचारलं, की यात कुठल्या शब्दाला कुठला स्वर आलाय ते बघू या का? उत्तर मिळालं, "शब्द हा वेगळा विषय आहे."

या एका वाक्यासाठी हा लेख.

ज्यांना बारा-स्वर पद्धत म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (माहीत असलेल्यांनी हा परिच्छेद ओलांडून जावा.) पेटीवर एका सप्तकात बारा पट्ट्या असतात, सात पांढऱ्या, पाच काळ्या. आपलं संगीत यातल्या एकीला सा म्हणतं आणि बाकीच्या सगळ्या तिच्या नात्यानं ओळखले जातात, सुनेनं सासरच्यांना ओळखावं तसे. व्हिएन्नाच्या आर्नोल्ड शोनबर्गनं १९२० नंतरच्या दोनतीन वर्षांत ठरवलं की कुणीच सा नाही. बाराही स्वर समान. मग कुणी एक शिरजोर होऊ नये म्हणून नियम असा, की बाराही स्वरांची एक रांग लावायची आणि बाकीचे अकरा येऊन गेल्याशिवाय गेलेला स्वर परत आणायचा नाही. ही रांग सुलटी वाजवा, उलटी वाजवा, आरशात बघितल्यासारखी वरचं खाली करून वाजवा, आरशातली उलटी वाजवा. असे चार प्रकार, प्रत्येक बारा ठिकाणांहून सुरू करता येतो, म्हणजे ४८ रूपं. ती सगळी एका चौकोनात मांडली की ते कोष्टक, ज्याला मंडळी मॅट्रिक्स म्हणतात. बारा स्वरांच्या रांगा लावायच्या एकूण तऱ्हा ४७,९०,०१,६००. हा आकडा ऐकून आमच्या लोकांचे डोळे कसे चमकतात ते बघण्यासारखं असतं.

आता ते बिचारं गाणं. शोनबर्गचा शिष्य आल्बान बर्ग. जर्मन कवी थिओडोर श्टोर्मच्या एका छोट्या प्रेमकवितेला त्यानं दोनदा चाल लावली. पहिली १९०७ साली, वय बावीस, सी मेजरमध्ये. आपल्या भाषेत पांढरी एकचा सा, सगळं घरातल्या घरात. दुसरी १९२५ साली, वय चाळीस, पूर्ण बारा-स्वर पद्धतीनं. कवी तोच, संगीतकार तोच, कविता तीच. दोन्ही चाली १९३० मध्ये एकत्रच छापल्या गेल्या. आपल्याकडे ज्ञानेश्वरांचं पसायदान शाळेच्या प्रार्थनेला एका चालीत म्हणतात आणि लताबाईंच्या आवाजात ते दुसऱ्याच चालीत घरोघरी पोचलंय, तसंच. फरक एवढाच की इथे दोन्ही चाली एकाच माणसाच्या.

दुसऱ्या चालीची रांग पेटी असेल त्यांनी वाजवून बघा. पांढरी एक सा धरा. म, ग, सा, ध, प, रे. सगळे शुद्ध, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. पुढे कोमल ध, कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल नी. पाचच्या पाच काळ्या. आणि शेवटी एकटा उरलेला शुद्ध नी. लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर नेहमी वरच्या दिशेनं मोजलं, तर आकडे येतात ११, ८, ९, १०, ७, ६, ५, २, ३, ४, १. एकही आकडा दोनदा नाही. मधला ६ सोडून दोन्ही टोकांकडून जोड्या लावा, प्रत्येक जोडीची बेरीज १२. ही रांग बर्गची स्वतःचीही नाही, त्याचा विद्यार्थी फ्रित्झ हाइनरिश क्लाइन यानं शोधलेली आहे. रचना म्हणून अफाट सुंदर आहे, वादच नाही.

कार्यशाळेत इथपर्यंत सगळे पोचले. इथेच थांबले. (मध्ये वीस मिनिटं गॉसिप झालं. रांग एफवर सुरू होते आणि जर्मन लोक ज्याला एच म्हणतात त्या आपल्या शुद्ध नीवर संपते, आणि त्या वर्षी बर्ग ज्या हाना फुक्स नावाच्या विवाहित बाईच्या प्रेमात पडला तिची आद्याक्षरं तीच. बर्गनं पुढच्या चौकडीत, म्हणजे लिरिक स्वीटमध्ये, ती खरोखर लपवली होती, आणि १९७७ साली जॉर्ज पर्ल या अभ्यासकानं ती प्रकरणासकट उघडी केली. हे आवडलं सगळ्यांना. कोण गातंय, काय गातंय, ते मात्र राहिलंच.)

आता जो "वेगळा विषय" आहे तो बघू. याला ना मॅट्रिक्स लागतं ना पाश्चात्त्य संगीताची पदवी. कागद-पेन्सिल पुरते.

कवितेच्या आठ ओळी. मात्रा-गण सोडा, नुसते उच्चाराचे तुकडे मोजा, ज्यांना आपण सोयीसाठी अक्षरं म्हणू. ८, ७, ८, ७, ७, ८, ८, ७. बेरीज ६०. आणि गायकाच्या ओळीत ती रांग येते पाच वेळा. बारा पाचे साठ. म्हणजे अक्षराला एक स्वर. ठीक, आता रांगा कुठे संपतात बघा : १२, २४, ३६, ४८, ६०. आणि कवितेच्या ओळी कुठे संपतात : ८, १५, २३, ३०, ३७, ४५, ५३, ६०. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. जुळणारा आकडा फक्त एक, शेवटचा. मध्ये दोन ठिकाणी (२३-२४ आणि ३६-३७) एका अक्षरानं चुकामूक होते. पूर्ण गाणंभर कवीचा श्वास एकीकडे संपतो आणि रांगेचा दुसरीकडे, आणि दोघांची गाठ पडते ती थेट शेवटच्या अक्षरावर. ते अक्षर म्हणजे जर्मनमधला "हृदय" हा शब्द.

हे कळल्याबरोबर एक खराखुरा प्रश्न उभा राहतो : गाणाऱ्यानं श्वास कुठे घ्यायचा? ओळ संपते तिथे घेतला तर रांग मोडते. रांग संपते तिथे घ्यावा तर पहिल्याच वेळी दुसऱ्या ओळीच्या मधोमध, "हात" या शब्दाच्या तोंडाशी थांबावं लागतं. प्रत्येक गायिकेला याचं उत्तर देणं भागच आहे, कारण श्वास सगळ्यांनाच लागतो. ही गोष्ट कोष्टकात दिसत नाही. कोष्टकाला फुप्फुसं नसतात.

आणखी एक. कवितेत तो सांगतोय की तुझा हात डोळ्यांवर आला की माझं सगळं दुखणं निवतं. तिसऱ्या ओळीच्या शेवटी, जिथे "मी सोसतो" या अर्थाचे शब्द येतात, तिथे अक्षरांचे नंबर आहेत १९ ते २३. रांगेतले सातवा ते अकरावा स्वर. म्हणजे बरोबर त्या पाच काळ्या पट्ट्या, एकामागून एक, मध्ये एकही पांढरी नाही. मग २४ वं अक्षर, तो एकटा शुद्ध नी. आणि २५ ते ३०, जिथे तिचा हात आणि विसावा येतो, तिथे म ग सा ध प रे. सहाही पांढऱ्या. आपल्या कानाला अगदी घरच्यासारखे सहा स्वर, पण ऐन काट्याकुट्यातून आल्यावर भेटणारे. तीच रांग पहिल्या ओळीतही होती, पण तिथे हा परिणाम नाही. तिथे पांढऱ्यातून काळ्यांत उतरण कवितेच्या पहिल्याच ओळीत होते, डोळे मिटताना. याचा अर्थ रांगेत भावना नाहीत. रांग आणि ओळ एकमेकींवरून सरकतात तेव्हा भावना तयार होते. तीच रांग, पाच वेळा, दर वेळी वेगळ्या शब्दांवर.

आणि शेवटचं "हृदय" पडतं शुद्ध नीवर. आपल्याला नी म्हणजे काय ते सांगायला नको, साच्या दारात उभं राहून कडी न वाजवणं. १९०७ मध्ये त्याच कवितेसाठी जे सी मेजरचं घर बांधलं होतं, त्याच घराच्या उंबरठ्यावर अठरा वर्षांनी माणूस येऊन थांबतो.

"हे सगळं त्यानं ठरवून केलं कशावरून?" हा प्रश्न येणार. प्रोग्रॅमरनं बग ठरवून टाकला होता का, हे आपण कधी विचारतो? प्रोग्रॅम काय करतो ते बघतो. गाणं काय करतं ते बघा की. आणि ठरवून-बिरवून म्हणाल तर खुद्द शोनबर्गचं ऐका. १९३२ साली त्याचा मेव्हणा, व्हायोलिनवादक रुडॉल्फ कोलिश, यानं शोनबर्गच्या तिसऱ्या चौकडीची रांग मोठ्या कष्टानं शोधून काढली आणि कळवली. शोनबर्गनं कौतुक केलं, बरोबर आहे म्हणाला, आणि वर सुनावलं की यातून फायदा काय? यातून ते कसं बनवलंय एवढंच कळतं, आणि मला तर आयुष्यभर लोकांना ते काय आहे हे दाखवायचंय. पद्धत शोधणाऱ्या माणसानं हे नव्वद वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय, आणि आपण शनिवारी सकाळी फी भरून रांगा शोधतोय.

आता पुन्हा आपल्या अंगणात. "राग कुठला" वाल्यांचा नेहमीचा बचाव असा की आमची परंपरा शास्त्रशुद्ध आहे, राग समजला की गाणं समजलं. परंपरेवर हा सरळसरळ आळ आहे. भूप आणि देसकार घ्या. दोन्हींचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. भूप गंधारावर विसावतो, देसकार धैवतावर, आणि राग बदलतो. मारवा, पूरिया, सोहनी या तिघांचेही स्वर सारखे. नुसती स्वरांची यादी म्हणजे राग नव्हे, हे आपल्या परंपरेनं पहिल्याच धड्यात शिकवलंय. सुधीर फडक्यांच्या "ज्योति कलश छलके" या १९६१ च्या गाण्यावर भूप की देसकार असा वाद लोक अजून घालतात. मान्य, वाद मजेचा आहे. पण त्यात लताबाईंच्या त्या पहिल्या शब्दाचं काय होतं ते बोलायला कुणाला वेळच राहत नाही. गीतरामायणाच्या छप्पन्न गाण्यांची रागांसकट यादी तुम्हाला फॉरवर्ड होऊन आली असेलच. मलाही चार वेळा आली. माडगूळकरांच्या कुठल्या शब्दाशी बाबूजी का थांबले, याची यादी कुणी केलेली मला आलेली नाही. राग सांगणं म्हणजे हा प्रोग्रॅम जावात लिहिलाय असं सांगणं. बरोबर आहे. पण तो पगार काढतो की रेल्वेचं तिकीट, ते?

इथे कुणी म्हणेल, जाऊ दे ना, छंद आहे लोकांचा. जाऊ दिलं असतं. पण माझी मामेबहीण नववीत आहे, दौंडला. मामा रेल्वेत, घरी आजोबांच्या वेळची पेटी. तिनं दिवाळीनंतर आमच्या भागातल्या एका भावगीत स्पर्धेत भाग घेतला. एक जुनं भावगीत म्हणाली, मीच पेटीवर होतो. अंतऱ्यात एका शब्दाच्या आधी ती अर्धा क्षण थांबली. मूळ रेकॉर्डमध्ये तो थांबा नाही. मी भाता धरून ठेवला आणि मांडवातली चुळबुळ अचानक थांबली. तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटला. मग परीक्षकांनी विचारलं, "राग कुठला?" तिला येईना. परीक्षक माईकवरून म्हणाले, "राग माहीत नसताना गाणं म्हणजे अर्थ माहीत नसताना श्लोक म्हणणं." गुणपत्रिकेत शास्त्रीय माहिती, दहापैकी शून्य. तेव्हापासून ती गात नाही. वहीत थाट आणि वादी-संवादी उतरवून पाठ करते. परवा म्हणाली, "दादा, सगळे राग पाठ झाले ना, की मग गाईन."

गंमत बघा, अर्थ कुणाला माहीत होता? त्या मांडवात त्या शब्दाचा अर्थ फक्त तिलाच माहीत होता.

वरून ही पेटी. जिच्या बारा पट्ट्यांवर हे सगळं उभं आहे तिलाही "शास्त्र" दाखवून दाराबाहेर काढलं होतं. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, कारण तिच्यात मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत. आक्षेप खोटे नव्हते. पण गावोगावच्या गळ्यांनी कुणाची साथ घ्यायची याचं उत्तर बंदी घालणाऱ्यांकडे नव्हतं, म्हणून पेटी जिथे होती तिथेच राहिली, कीर्तनात, नाटकात, आणि लावणीत.

लावणीवरून आठवलं. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे सोलापूर रोडला लागलं की चौफुला येतं. दौंड तालुक्यातलं हे नाव काढलं की पुण्याचे मित्र एकतर डोळा मारतात किंवा नाक मुरडतात. दोन्ही करणाऱ्यांनी एकदा तिथल्या कलाकेंद्रात बैठकीची लावणी नीट बसून ऐकावी. बाई बसून गाते, शेजारी पेटी आणि तबला. एकच ओळ घेते आणि परतपरत म्हणते. एकदा शब्दावर रुसवा, एकदा टोमणा, एकदा आर्जव. दर वेळी त्याच शब्दावर स्वर जरासा सरकलेला. पेटीवाला त्या शब्दाच्या आधी हात उचलतो, तिला मोकळं सोडतो आणि शब्द पडला की खालून उचलून घेतो. मी पुण्यातल्या तीन तासांत जे शोधत होतो ते तिथे दहा मिनिटांत समोर मांडलेलं होतं : स्वरांची तीच ठरलेली चौकट, तीच ओळ, आणि शब्दागणिक बदलणारा अर्थ. हेच विश्लेषण. फक्त ते करून दाखवतात, स्लाइडवर लिहीत नाहीत.

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेतच. "चिरफाड कशाला करायची, डोळे मिटून ऐकायचं, हृदयानं ऐकायचं." यांच्याशीही माझं जमत नाही. बारा पाचे साठ मोजल्याशिवाय तो शेवटचा शब्द आणि शेवटचा स्वर एकत्र का कोसळतात हे मला हृदयानं कधीच सांगितलं नसतं. मोजा, जरूर मोजा, आपल्याला तेवढंच तर येतं. पण मोजून झाल्यावर परत या. रांग सापडली? छान. आता ती कुठल्या अक्षरावर पडते ते सांगा. यमन आहे? असेल. तीव्र मध्यम कुठल्या शब्दाला दिलाय आणि त्या शब्दाला तो का झोंबतो ते सांगा. ते सांगता येत नसेल तर निदान दुसऱ्याला माईकवरून विचारू नका.

आणि एक धंद्यातली गोष्ट. रांग ओळखणं, कोष्टक भरणं हे काम वीस ओळींचा पायथन कोड निमूटपणे करतो, आणि राग ओळखणारी अ‍ॅप्स फोनवर आलेली आहेत. अभ्यासक म्हणून तुम्ही एवढंच करत असाल तर तुमचं काम मशीनकडे गेलंय. दौंडच्या नववीतल्या पोरीनं जो अर्धा क्षण थांबा घेतला, तो का घेतला, एवढंच आता आपल्यासाठी शिल्लक आहे.

कार्यशाळावाल्यांनी फीडबॅक फॉर्म पाठवलाय. "आणखी काय आवडेल?" या रकान्यात मी लिहिलंय : एक गायिका, एक पियानो, आणि कवितेची झेरॉक्स. स्लाइड्स नकोत. अजून उत्तर नाही.

या सगळ्यात बर्गच्या पियानोबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही याची जाणीव आहे. गायिका आपली पाच रांगा ओढत असताना खाली तो काय करतो हा वेगळाच मामला आहे. पुढच्या शनिवारी दौंडला जाणार आहे, मामाच्या पेटीवर तो भाग बसतो का बघतो. डाव्या हाताला भाता असल्यामुळे निम्मे स्वर मामेबहिणीलाच वाजवावे लागणार आहेत, आणि कुठला राग म्हणून वाजवायचं हे ती विचारणार आहे.